सायलेन्सर कापायच्या आधी एअर क्लीनर उघडा



मे महिना संपत आलाय. आमच्या बार्शी भागात नांगरट उरकली, आता ढेकळं फोडायची आणि पाळी घालायची घाई. ट्रॅक्टरला उसंत नाही. रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत फुफाटा. आजची नोंद पिकाची नाही, ट्रॅक्टरची आहे. थोडी लांबणार आहे, सवडीनं वाचा.

मंगळवारी गॅरेजपुढं चहा घेत बसलो होतो. आमच्या भावकीतला एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. पंधरा दिवस झाले, काळा धूर मारतोय, रोटर जमिनीत घातला की दम टाकतोय, अशी तक्रार. इलाजही त्यानं स्वतःच ठरवून आणला होता. सायलेन्सर कापायचा, सरळ पाईप बसवायचा. म्हणाला, "तात्या, धूर आत कोंडतोय. बाहेरची वाट मोठी केली की इंजिन मोकळं होतंय बघा."

त्यावर बाकड्यावर वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, जेवढी हवा आत जाते तेवढीच बाहेर येते, मग पाईप मोठा करून काय मिळणार? दुसरा म्हणाला, बाहेर जास्त येतं, डिझेलपण त्यातच मिसळतं की. तिसऱ्याचं म्हणणं, हवा आत जळून जाते, म्हणजे बाहेर कमीच आलं पाहिजे. मिस्त्री हातात पाना घेऊन नुसता हसत होता. त्याला काय, कापायचे पैसे मिळणार आणि पुढं इंजिन उतरवायचेही मिळणार.

मला त्या पोराच्या जागी मीच दिसलो. २०१८ च्या उन्हाळ्यात मी हेच केलं होतं. ३९ एचपीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर, घरचं रान करून भाड्यानंही मारायचो. काळा धूर सुरू झाला. ज्याला विचारावं तो म्हणे सायलेन्सर चोक झालाय. काढून टाकला, सरळ नळी लावली. आवाज असा की दोन शिवारं पलीकडं कळायचं तात्या रानात आहे. चार दिवस वाटलं, ताकद आली. खरं तर आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते, बाकी काही नाही. पुढं ऑईल कमी व्हायला लागलं. ब्रीदरमधून वाफेसारखा धूर. मृग निघाला, पाऊस झाला, वाफसा आला आणि नेमका त्याच आठवड्यात इंजिन सकाळी सुरूच होईना.

इंजिन उघडलं तर रिंगा गेलेल्या, लायनरच्या वरच्या कडेला नख अडकेल एवढी खाच. मिस्त्रीनं (हा दुसरा, वयस्कर होता) मॅनिफोल्डमध्ये बोट फिरवलं आणि माझ्या पुढं धरलं. बोटावर माझ्याच रानाची माती. पिठासारखी बारीक, ऑईलमध्ये कालवलेली. एअर क्लीनरपासून इंजिनाकडं जाणारा जो रबरी होज पाईप असतो, त्याला क्लिपेच्या खाली बोटभर चीर होती. वरून दिसत नव्हती. ४८ हजार रुपये गेले. त्यापेक्षा वाईट म्हणजे सोयाबीनची पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत नऊ दिवस मागं गेली. तेवढ्यात वरची ओल उडाली आणि चार एकरांतलं निम्मं विरळ उगवलं.

मी धूर बाहेर कसा जातोय ते बघत बसलो आणि बिघाड आत येणाऱ्या वाटेवर होता. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, आणि ते मी चारचौघांत वाद घालून सांगतो. आपण शेतकरी ट्रॅक्टरच्या तोंडाकडं बघत नाही, शेपटाकडं बघतो. धूर दिसतो, आवाज ऐकू येतो, म्हणून सगळा पैसा आणि सगळी अक्कल तिकडं. हवा दिसत नाही, म्हणून तिच्याकडं लक्ष नाही.

आता बाकड्यावरच्या वादाचा निकाल. हा हिशेब माझा एकट्याचा नाही. माझी पुतणी कृषी अभियांत्रिकी शिकते, तिनं दिवाळीच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर मांडून दिला. मी दहावी पास. पण गुणाकार येतो.

आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन धरा अडीच हजार सीसी, म्हणजे अडीच लिटर. काम करताना फेरे मिनिटाला २,०००. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. म्हणजे मिनिटाला अडीच लिटर गुणिले १,०००, झाले २,५०० लिटर. सिलिंडर दरवेळी काठोकाठ भरत नाही, शेकडा ८५ च्या आसपास भरतो. मग राहिले मिनिटाला २,१०० लिटर. तासाला १ लाख २६ हजार लिटर, म्हणजेच १२६ घनमीटर. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली २८ घनमीटरची होते. अशा साडेचार खोल्यांमधली सगळी हवा हा ट्रॅक्टर एका तासात पितो.

हवेला वजनही असतं. आमच्या उंचीवर, मे महिन्याच्या उन्हात एक घनमीटर हवा एक किलोपेक्षा थोडी जास्त भरते. म्हणजे तासाला १३५ किलो धरा. त्याच तासात डिझेल जातं ५ लिटर, वजनानं ४ किलोच्या वर थोडं. मला हे ऐकून पहिल्यांदा खोटंच वाटलं. आपण आयुष्यभर म्हणत आलो ट्रॅक्टर डिझेल खातो. खातो तो हवा. आठ तासांच्या पाळीत जवळपास अकरा क्विंटल हवा आणि त्यावर तोंडी लावायला ३३ किलो डिझेल. डिझेलच्या कॅनला आपण फडकं लावतो, जाळी लावतो, गाळून ओततो. अकरा क्विंटल कशातून गाळली जाते, ते वर्षातून एकदा बघतो.

तर बाहेर किती? वजनात बघाल तर पहिला आणि दुसरा दोघेही थोडे थोडे बरोबर. आत गेलेली १३५ किलो हवा आणि ४ किलो डिझेल, बाहेर १३९ किलो. काही नाहीसं होत नाही. तिसऱ्याचं म्हणणं की हवा जळून जाते, ते चूक. हवेतला प्राणवायू डिझेलला चिकटतो आणि कार्बन डायऑक्साईड व पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतो. हवेत चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांहून जास्त नायट्रोजन असतो, तो बहुतेक आहे तसा पाहुणा म्हणून येतो आणि निघून जातो. सहज सांगतो, एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. सकाळी गार सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब येतात, ते हेच. त्यावरून हेडगॅस्केट गेलं म्हणून घाबरून इंजिन खोललेले लोक मी बघितलेत.

पण आकारमानात बघाल तर बाहेर खूप जास्त येतं. कारण तापलेला वायू फुगतो. ४० अंशांची हवा आत गेली आणि ४०० अंशांचा धूर बाहेर आला, तर तो दहापट फुगत नाही. हा हिशेब शून्य अंशापासून करायचा नसतो, उणे २७३ पासून करायचा असतो. म्हणजे आत ३१३, बाहेर ६७३. दुपटीच्या थोडं वर. जळताना वायूचा आकडाही किंचित वाढतो, शंभराचे एकशे तीन होतात एवढाच. सगळं धरून मिनिटाला २,१०० लिटर आत गेले तर मॅनिफोल्डच्या तोंडाशी साडेचार हजार लिटरच्या पुढं बाहेर येतात. हाच धूर गार होऊ दिला तर परत जवळपास आत गेला तेवढाच भरेल.

इथं मी पुतणीला अडवलं. म्हणलं, बाई, मग तो पोरगा खोटं काय बोलला? बाहेर दुप्पट येतंय, तर बाहेरची वाट दुप्पट पाहिजे. आमच्या ट्रॅक्टरचा आतला होज अडीच इंची आणि सायलेन्सरची नळी दोन इंची. उलटंच की हे! आणि हेड उघडलं तेव्हा मी स्वतः बघितलंय, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मोठा आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह लहान. कंपनीवाले येडे आहेत काय?

ती म्हणाली, "तात्या, आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा सक्शन पाईप किती इंची?"

म्हणलं, तीन.

"आणि डिलिव्हरी?"

अडीच.

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, काठावरची मोटार सक्शननं वीस-बावीस फुटांच्या खालचं पाणी उचलत नाही. कितीही एचपीची आणा. तीच मोटार डिलिव्हरीला शंभर फूट वर पाणी ढकलते. कारण ढकलायला मोटारीची ताकद असते. ओढताना मात्र मोटार पाणी ओढतच नाही, ती फक्त पोकळी करते आणि विहिरीतल्या पाण्यावर जो हवेचा दाब आहे तो पाणी वर चढवतो. तो दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, त्यापेक्षा जास्त कुठून आणणार? म्हणून सक्शन पाईप मोठा ठेवायचा, वळणं कमी ठेवायची, फुटबॉलला शेवाळ धरू द्यायचं नाही.

इंजिनाचं अगदी तसंच आहे. पिस्टन खाली येतो, पोकळी होते आणि बाहेरची हवा स्वतःच्या दाबानं आत शिरते. तिच्यामागं ढकलणारं कोणी नाही. धुराचं तसं नाही. बाहेरचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या तिप्पट-चौपट दाब शिल्लक असतो, तो धूर उसळून निघतो. राहिलेला पिस्टन वर येऊन ढकलून देतो. म्हणून दुप्पट फुगलेला धूर लहान नळीतून सुखानं जातो आणि निम्म्या आकाराची हवा मोठ्या पाईपातूनही कष्टानं येते. इंजिनाची नाजूक बाजू आत येणारी आहे. ती बाजू फुफाट्यात, भुश्श्यात, पाचटात तोंड उघडं ठेवून बसलेली असते.

सायलेन्सर कधीच चोक होत नाही असं मी म्हणत नाही. होतो. काजळीचा थर बसतो. चार महिने उभ्या ट्रॅक्टरच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं मी काढलंय. धूर बाहेर जायला अडला तर जुना धूर सिलिंडरमध्ये मागं राहतो, नव्या हवेची जागा खातो, ताकद पडते. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांच्या धुराच्या वाटेत तर आणखी डबे आलेत. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, त्यामुळं काहींच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी असते, तिची काळजी वेगळी आणि तिला हातोडी-कटर लावणं म्हणजे लाखाचं नुकसान. पण आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला शंभरात नव्वद वेळा दोष तोंडाकडं असतो, हा माझा अनुभव. संशोधन नाही, अनुभव.

काळा धूर म्हणजे काय, ते एकदा समजून घ्या. काळा धूर म्हणजे डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही, अर्धवट जळलं, काजळी झाली. कारण दोनच. हवा कमी किंवा डिझेल जास्त. (डिझेल जास्त यात नोझल थेंबथेंब गळणं आलं, पंपाचं टायमिंगही आलं.) निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. म्हणजे नळीच्या बाहेर जो धूर दिसतो, तो आत किती हवा पोचली त्याची पावती असते. पावती फाडून उधारी फिटत नाही.

आणि एक खोड आपल्यात फार आहे. "पंप वाढवून द्या." डिझेल पंपाचा स्क्रू फिरवायचा, डिझेल जास्त सोडायचं, ताकद वाढते म्हणायचं. अहो, डिझेल इंजिनात हवेला झडपच नाही. तेवढ्याच फेऱ्यांना हवा तेवढीच जाते, हलकं काम असो की जड. ॲक्सिलेटरनं कमी-जास्त होतं ते डिझेल. आता हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं तर काही अंतरापर्यंत ताकद मिळते, त्याच्यापुढं सगळा धूर. पिस्टनचं डोकं तापतं, ऑईल लवकर काळं होतं आणि डिझेलचे पैसे रानावर उडतात. जास्त ताकद पाहिजे तर हवा जास्त पाहिजे. टर्बोवाल्या इंजिनात तेच केलंय. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवला आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं हवा आत दाबली. फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावलं. हे डोकं ज्यानं चालवलं त्याला माझा दंडवत. पण टर्बोच्या पंख्याला धूळ अजिबात सोसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता धुळीचा हिशेब. मी काही धूळ मोजली नाही, समजा म्हणून धरतो. रोटरमागं उडणाऱ्या फुफाट्यात घनमीटरला अर्धा ग्रॅम धूळ आहे. १२६ घनमीटरला ६३ ग्रॅम, आठ तासांना ५०० ग्रॅम. अर्धा किलो माती रोज इंजिनाच्या दाराशी येते. एअर क्लीनर चांगला असेल तर जवळपास सगळी अडवतो. होजला चीर असेल, क्लिप ढिली असेल आणि शंभरातला एक भाग जरी मधूनच शिरला, तरी दिवसाला ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा. आपल्या मातीत गारगोटीचे कण असतात, ते लोखंडाला घासतात. रोज एक चमचा पॉलिशपेपरची पूड पिस्टन आणि लायनरच्या मध्ये टाकली तर इंजिन किती दिवस टिकेल? माझं एक हंगाम टिकलं.

म्हणून मी आता काय करतो ते सांगतो. माझा क्लीनर तेलाचा आहे. धुळीच्या दिवसांत रोज सकाळी डिपस्टिकच्या आधी खालची वाटी उघडतो. तेल खुणेपर्यंत आहे का, तळाला चिखल किती बसलाय, बोट घालून बघायचं. अर्धा इंच गाळ दिसला की तेल बदललं. वाटी डिझेलनं धुवायची, पुसायची, खुणेपर्यंतच तेल. खुणेच्या वर भरू नका, जास्तीचं तेल हवेबरोबर इंजिनात ओढलं जातं आणि कधी इंजिन बेफाम सुटतं. वरच्या जाळीत भुस्सा अडकतो, तीपण डिझेलमध्ये खंगाळायची. मळणीला तर दुपारच्या जेवणाला एकदा बघतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. आपण तंबाखू मळायला दिवसात त्यापेक्षा जास्त वेळ घालवतो.

कागदी फिल्टर असलेल्यांना वेगळं सांगतो. तो टायरवर आपटू नका. कंप्रेसरची हवा पूर्ण दाबानं मारू नका, कागद फाटतो आणि फाटलेला दिसत नाही. मारायचीच तर कमी दाबानं, आतून बाहेर. बाहेरून आत मारली की धूळ कागदात रुतून बसते. एक साधी परीक्षा: अंधारात फिल्टरच्या आत बॅटरी धरा, उजेडाचा ठिपका कुठं दिसला तर तो फिल्टर गेला. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतोच, बदलायचा असतो. आणि सारखा सारखा विनाकारण उघडूही नका, दरवेळी थोडी धूळ आत सांडते. त्यावर चोकअपचा लाल निशाण दाखवणारा काटा असेल तर त्याचं ऐका. डुप्लिकेट फिल्टर शंभर-दीडशे रुपयांनी स्वस्त मिळतो. मी तो घेत नाही, बाकी तुमची मर्जी.

कृषी खात्यातले, विज्ञान केंद्रातले साहेब लोक हे पान वाचतात, त्यांना एक हात जोडून विनंती. प्रशिक्षणाला आम्हाला बोलावता, ड्रोन दाखवता, ॲप दाखवता, चांगलं आहे. एखाद्या वेळी दहा ट्रॅक्टर बांधावर उभे करा आणि दहाही एअर क्लीनर सगळ्यांसमोर उघडा. बियाण्याला प्रक्रिया केली का विचारता, तसं वाटी कधी धुतली विचारा. पेरणीच्या आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडला तर तुमच्या शिफारशीचा वाण पोत्यातच राहतो.

इथपर्यंत झाली इंजिनाची गोष्ट. पण आत आणि बाहेरच्या हिशेबात एक जागा अशी आहे की तिथं इंजिन नाही, माणूस जातो.

वर सक्शनचे वीस-बावीस फूट सांगितले. उन्हाळ्यात पाणी त्याच्या खाली जातं, मग आपण काय करतो? इंजिनच विहिरीत उतरवतो, मधल्या कठड्यावर ठेवतो. वीज नसते, गाळ काढायचा असतो, घाई असते. पाच एचपीचं डिझेल इंजिन, साडेपाचशे सीसी, दीड हजार फेरे, मिनिटाला साडेतीनशे लिटर हवा ओढतं. कष्टाचं काम करणारा माणूस मिनिटाला तीसेक लिटर ओढतो. म्हणजे तुम्ही विहिरीत एकटे नसता, तुमच्याबरोबर दहा-बारा माणसांचा श्वास घेणारं यंत्र असतं, आणि ते जेवढं ओढतं तेवढाच धूर तिथंच परत सोडतं. विहिरीत वारं फिरत नाही. तुम्ही आणि इंजिन एकाच माठातलं पाणी पिताय, आणि एकजण त्यातच चूळ भरतोय.

पेट्रोल-रॉकेलवरचे छोटे पंप तर याहून वाईट. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड फार असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो अडवून बसतो. डोकं दुखतं, पायांतला जीव जातो आणि शिडी चढायची ताकद राहत नाही. जुनी माणसं विहिरीत कंदील सोडून बघायची, विझला नाही तर उतरायची. प्राणवायू संपला असेल तर कंदील सांगतो. मोनॉक्साईडला कंदील विझत नाही, माणूस विझतो. १९९४ साली माझे चुलते असेच आडात बसले होते, वर ओढून काढलं म्हणून वाचले. त्यांना काढायला जो उतरत होता, त्याला वडिलांनी कंबरेला दोर बांधल्याशिवाय उतरू दिलं नाही, आधी इंजिन बंद करायला लावलं. त्या दोन गोष्टींनी दोन जीव राहिले. इंजिन काठावर ठेवा, पाण्यात टाकायची विजेची मोटार भाड्यानं आणा, नाहीतर दोन दिवस थांबा. बंद शेडमध्ये सकाळी ट्रॅक्टर गरम करत उभा करणाऱ्यांनीही हेच वाचावं.

असो. त्या पोराचं काय झालं ते राहिलं.

मी मिस्त्रीला म्हणलं, कटर जरा बाजूला ठेव. ट्रॅक्टर सुरू करून मंद ठेवला. एअर क्लीनरच्या वरची टोपी काढली आणि हवेच्या तोंडावर सपाट लाकडी फळी दाबून धरली. (हात लावू नका, ओढ जोरात असते. आणि टर्बोवाल्या इंजिनावर हा प्रयोग करू नका.) हवेची वाट पुरी बंद झाली तर इंजिन दोन-चार सेकंदांत घुसमटून बंद पडलं पाहिजे. हे पडेना. थोडं कुरकुरलं आणि चालूच राहिलं.

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, आता सांग, तोंड बंद आहे, मग हा श्वास कुठून घेतोय?

होज काढला. क्लिपेखाली चीर नव्हती, पण क्लिप बसत होती तिथं रबर इतकं कडक झालं होतं की करंगळीचं टोक जाईल एवढी फट. होजच्या आतल्या अंगाला मातीची पुटं. वाटी उघडली तर तेल नव्हतंच, पेंड होती, आणि जाळी भुश्श्यानं गच्च. म्हणजे समोरच्या दारानं हवा येईना आणि मागच्या फटीतून मातीसकट येतीय. काळा धूर मारेल नाहीतर काय करेल.

ऑईलची काठी काढून बघितली, ब्रीदर बघितला. अजून फार गेलेलं दिसत नाही. कदाचित वेळेत सापडलं, कदाचित नाही, हे दिवाळीपर्यंत कळेल. पोरगा मोटारसायकलवर बार्शीला होज आणि दोन क्लिपा आणायला गेला. सायलेन्सर जागेवर आहे.